पुंगळी अडकली की आधी पुंगळीच बघा

मागच्या अंकात पिस्तुलाच्या साफसफाईवर लिहिलं होतं, त्यानंतर आलेले बहुतेक प्रश्न एकाच तक्रारीचे आहेत : बार होतो पण रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून) नीट निघत नाही. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. रेंजवरच्या परीक्षा सोडल्या तर खाली जे काही करायला सांगितलंय ते मॅगझीन बाहेर, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे आणि चेंबर डोळ्यानं आणि बोटानं रिकामं बघूनच करायचं, आणि ते दर वेळी, मधे नुसता फोन घ्यायला उठलात तरी परत बघायचं. हे मी प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहीत बसत नाही, पण ते प्रत्येक उत्तरात आहे असं समजा.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते. पिस्तूल .२२चं, सेकंडहँड घेतलेलं. पहिले तीस-चाळीस राउंड (काडतुसं) एकदम मस्त चालतं, मग कधीतरी पुंगळी आतच राहते आणि मागून दुसरा राउंड येऊन तिच्यावर आदळतो. क्लबातले म्हणतात एक्सट्रॅक्टर (पुंगळीची कड नखीनं धरून ओढणारा भाग) गेलाय, नवीन मागवा. पार्ट परदेशातून येणार, पैसे बरेच आणि किती महिने लागतील सांगता येत नाही. मागवू का? — एक पालक, सांगली

उत्तर : थांबा, इतक्यात मागवू नका. अर्धं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, पहिले तीस-चाळीस राउंड मस्त चालतं म्हणालात ना. एक्सट्रॅक्टरची नखी झिजली असती किंवा तुटली असती तर तिनं स्वच्छ पिस्तुलातही पहिल्या मॅगझीनपासून कधीही दगा दिला असता. जो त्रास काही राउंड झाल्यावरच सुरू होतो आणि साफ केलं की गायब होतो, तो कुठंतरी काहीतरी साचल्यामुळे होतो, आणि .२२मध्ये साचायला भरपूर असतं. ही गोळी उघड्या शिशाची, वरून मेण किंवा ग्रीस लावलेली, त्यात जळलेल्या पावडरची काजळी, सगळं मिळून चेंबरच्या पुढच्या टोकाला एक कडक कडं तयार होतं.

आता हे समजून घ्या म्हणजे पुढचं आपोआप कळेल. .२२च्या स्पोर्ट पिस्तुलात बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा) लॉक होत नाही, नुसतं वजन आणि स्प्रिंग त्याला जागेवर धरून असतात. बार झाला की गॅस गोळीला पुढं ढकलतो तसाच पुंगळीलाही मागं ढकलतो, आणि पुंगळीच बोल्टला रेटत मागं येते. म्हणजे झाडलेली पुंगळी ओढून काढायचं काम एक्सट्रॅक्टरला फारसं करावंच लागत नाही, त्याचं काम तिला बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवायचं, पलीकडच्या इजेक्टरवर (पुंगळी बाहेर उडवणाऱ्या टेकूवर) आपटून बाहेर उडेपर्यंत. न झाडलेला राउंड मात्र तुम्ही हातानं स्लाइड मागं घेता तेव्हा पूर्णपणे एक्सट्रॅक्टरच ओढतो, तिथं गॅस मदतीला नसतो.

यातूनच एक सोपी परीक्षा निघते. रेंजवर, फायरिंग लाइनवर, नळी टार्गेटकडे ठेवून, कोचसमोर, एक राउंड चेंबरमध्ये घ्यायचा आणि न झाडता स्लाइड हळू मागं घेऊन काढायचा. जिवंत राउंड दर वेळी नीट निघतोय पण झाडलेली पुंगळी अडकतेय, तर दोष बहुतेक चेंबरचा किंवा काडतुसाचा. उलट झाडलेल्या पुंगळ्या निघतायत पण जिवंत राउंड आतच राहतो, नखी त्याच्यावरून घसरते, तर मग एक्सट्रॅक्टरकडे बघा. ही परीक्षा घरी करायची नाही, कितीही सावध असलात तरी नाही.

दुसरी गोष्ट, अडकलेली पुंगळी काढली की फेकू नका. सगळे लोक पिस्तुलाकडे बघतात आणि पुंगळी केराच्या डब्यात जाते, माझं तर म्हणणं आहे की आधी तिलाच उजेडात धरून बघा. बुडाची कड बघा. कडेवर नखीनं ओरबाडल्याची अर्धचंद्रासारखी खाच दिसली, पितळ ओढलं गेलेलं दिसलं, तर एक्सट्रॅक्टरनं पकडलं होतं, जीव खाऊन ओढलंही होतं, पुंगळीच सुटली नाही. अशा वेळी नवा एक्सट्रॅक्टर घालून काय होणार, तोही तेवढंच ओरबाडेल. कड अगदी कोरी असेल, काही खूणच नाही, तर नखी तिथंवर पोचलीच नाही किंवा पकडायच्या आधीच निसटली. मग पुंगळीचं अंग बघा, उभे ओरखडे असतील तर चेंबरमध्ये खरखर आहे, काळपट पट्टे असतील तर काजळी. पाच-सहा अडकलेल्या पुंगळ्या एका डबीत वेगळ्या ठेवा आणि आर्मररकडे (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे) जाताना पिस्तुलाबरोबर त्याही न्या, तो तुम्हाला दुवा देईल.

साफसफाई म्हणजे नळीतून दोनदा पॅच (कापडाचा तुकडा) ओढणं नव्हे. नळीतून पॅच सहज जातो आणि चेंबरचं कडं तसंच राहतं, कारण चेंबर नळीपेक्षा किंचित रुंद आहे. चेंबरला ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये भिजवून शक्यतो मागच्या बाजूनं घाला, गोल फिरवा, दहा-पंधरा मिनिटं तसंच मुरू द्या, परत फिरवा, मग कोरडा पॅच. टॉर्च मारून बघा, चेंबर जिथं संपतं तिथं आधी एक मळकट कडं दिसायचं तिथं आता सगळीकडे सारखी चमक दिसली पाहिजे. तुमच्या मॉडेलमध्ये रॉड पुढूनच घालावा लागत असेल तर नळीच्या तोंडाची कड घासली जाणार नाही याची काळजी घ्या, अचूकता तिथंच असते, एकदा ती कड खराब झाली की मुलीच्या गोळ्या टार्गेटवर का पसरतायत ते शोधत बसाल. मग एक्सट्रॅक्टर, नखीच्या आतल्या बाजूला काजळी दाबून दाबून अक्षरशः दगड झालेली असते आणि नखी पूर्ण आत बसत नाही, ती लाकडी टूथपिकनं खरवडून काढा, सुईनं नको.

आणि चेंबरमध्ये तेल ठेवू नका. पुष्कळ जण प्रेमानं सगळीकडे तेल लावतात. पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला क्षणभर धरतं आणि दाब उतरला की आकसतं, तो व्यवहार कोरड्या चेंबरमध्ये नीट होतो. तेलावर काजळी बसते ती वेगळीच, आणि आत तेल असलं की बोल्टवरचा मारही वाढतो. तेल स्लाइडच्या खोबणीत, तेही थेंबभर.

एवढं करूनही त्रास राहिला तर दुसऱ्या बनावटीचं किंवा दुसऱ्या लॉटचं एक खोकं मारून बघा, प्रत्येक पिस्तुलाला काडतुसाची आवडनिवड असते आणि .२२ला जरा जास्तच. त्यानंतर एक्सट्रॅक्टरची स्प्रिंग बदलून घ्या, ती नखीपेक्षा खूप स्वस्त आणि आधी थकते तीच. सेकंडहँड पिस्तुलात अजून एक गोष्ट आवर्जून तपासा. .२२ ही रिमफायर, फायरिंग पिन बुडाच्या कडेवर मारते, त्यामुळे रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहिलं तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर बसते आणि तिथलं पोलाद आत दबून एक बारीक कंगोरा तयार होतो. तो नखाला लागतो, भिंगातून स्पष्ट दिसतो. आधीच्या मालकानं ड्राय फायर केलेलं असेल तर तुमची पुंगळी त्या कंगोऱ्यावर अडकते आणि बोल लागतो एक्सट्रॅक्टरला. यावर आर्मररकडे दबलेलं पोलाद परत जागेवर दाबून बसवायचं एक छोटं हत्यार असतं, काम फार वेळाचं नाही. स्वतः कानस लावू नका, पॉलिश पेपर गुंडाळून ड्रिल तर मुळीच घालू नका, चेंबर मोठं झालं की ते परत लहान करता येत नाही.

हे सगळं करून जिवंत राउंडच्या परीक्षेत नखी घसरतच असेल तर मग पार्ट मागवा, बिनधास्त.

प्रश्न : पुंगळी चेंबरमधून बाहेर येते पण स्लाइड बंद होताना तिच्यात उभी चिमटली जाते, धुराड्यासारखी. एक्सट्रॅक्टर बदलायचा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची पुंगळी चेंबरमधून निघालीय, म्हणजे ओढायचं काम झालंय, बाहेर फेकायचं राहिलंय. बघायचं ते इजेक्टर ढिला किंवा झिजलाय का, स्लाइड पूर्ण मागं येतेय का, तेल घट्ट होऊन स्लाइड जड झालीय का, काडतूस फारच मंद आहे का. आणि पकड. नवीन मुलं मनगट सैल ठेवतात, मग सगळं पिस्तूलच स्लाइडबरोबर मागं जातं आणि स्लाइडला हवा तेवढा धक्का मिळत नाही. तेच पिस्तूल तीच काडतुसं अनुभवी माणसाच्या हातात द्या, त्याच्याकडे बिनतक्रार चाललं तर पैसे पार्टवर घालू नका, मनगटावर मेहनत घ्या. नखीची स्प्रिंग फार कमजोर असली तरी असं होऊ शकतं कारण पुंगळी इजेक्टरपर्यंत पोचायच्या आतच सुटते, पण ते सगळ्यात शेवटी बघा.

प्रश्न : जिल्हा स्पर्धेत रॅपिडच्या (झपाझप मारायच्या) सिरीजमध्ये पुंगळी अडकली, मी सवयीनं स्लाइड ओढून काढली आणि हात वर केला. रेंज ऑफिसरनी मालफंक्शन (पिस्तुलाचा बिघाड) मान्य केलं नाही, उरलेले शॉट शून्य. अन्याय नाही का हा? — एक खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : वाईट वाटलं वाचून, पण नाही, ऑफिसरचं बरोबर आहे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात पुंगळी न निघणं किंवा बाहेर न फेकली जाणं हे मान्य मालफंक्शनच आहे, पण खेळाडूनं स्वतः यंत्रणेला हात लावला की ते अमान्य होतं, कारण मग दोष पिस्तुलाचा होता की तुझा हे कुणालाच सांगता येत नाही. अडकलं की पकड तशीच ठेवायची, नळी टार्गेटकडे, रिकामा हात वर, आणि गप्प उभं राहायचं. ऑफिसर येऊन बघेल.

हे सरावात घोटून घ्यायला लागतं. रोजच्या सरावात प्रत्येक जण खटकन स्लाइड ओढून पुढं चालू करतो आणि स्पर्धेत हात तेच करतो. तुझ्याच गावच्या नेमबाज राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं तेव्हा बरोबरी सुटायला शूट-ऑफ दोनदा घ्यावा लागला होता, एकेका शॉटवर पदक लटकलेलं असतं त्या प्रकारात. म्हणून आठवड्यातून एकदा कोचला सांगून मुद्दाम मॅगझीनमध्ये मधेच एक डमी (बार न होणारा, खोटा) राउंड घालून घे, तुला माहीत नको कितवा, आणि चाप ओढून काही झालं नाही की फक्त हात वर करायचा. स्पर्धेच्या आदल्या रात्री चेंबर आणि नखी साफ, आणि ज्या लॉटवर सराव केला त्याच लॉटची काडतुसं स्पर्धेला.

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचं .३२ पिस्तूल आहे, स्वसंरक्षणासाठी. वर्षानुवर्षं चामड्याच्या कव्हरमध्ये कपाटात असतं. परवा रेंजवर चालवून बघितलं तर दोनदा पुंगळी आत चिकटली, रॉडनं काढावी लागली. ओळखीचा एक फिटर आहे, तो दुरुस्त करून देतो म्हणतोय. — एक शेतकरी, अहिल्यानगर

उत्तर : फिटरकडे देऊ नका, हात कितीही चांगला असला तरी. १९५९च्या शस्त्र कायद्यात कलम ५ खाली हत्याराच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे परवानाधारक शस्त्र विक्रेता किंवा आर्मरर एवढेच लोक यात येतात. नाहीतर पुंगळी बाजूला राहील आणि तुमच्या परवान्यावर बेतेल.

आता दुखणं. चामडं ओल धरतं, आणि त्यातल्या कमावण्याच्या रसायनांनी पितळावर हिरवट थर चढतो. तुमच्या काडतुसांवर तसा थर असेल तर ते राउंड चालवूच नका, पुसून चालवूया असंही नको, ते विक्रेत्याला विचारून रीतसर जमा करा. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांचा कोटा मोजका, म्हणून लोक जुनी काडतुसं जपून ठेवतात, हे मला समजतं, पण स्वसंरक्षणासाठी ठेवलेलं काडतूस जुनं आणि डागाळलेलं असेल तर ते कशासाठी ठेवलंय? .३२ची काडतुसं आपल्या पुण्यातल्या खडकीच्या कारखान्यात बनतात, बुडावर केएफ लिहिलेलं असतं, ती मिळतात, कोट्यातली जुनी पण स्वच्छ असतील ती वापरून संपवा आणि नवीन घ्या.

ओल चेंबरमध्येही गेलेली असणार. गंजाचे बारीक खड्डे पडले की बार झाल्यावर फुगलेलं पितळ त्या खड्ड्यांत शिरतं आणि तिथंच बसतं. टॉर्च मारून बघा, नुसता लालसर थर असेल तर ब्रश आणि सॉल्व्हंटनं जाईल, पण साफ केल्यावर काळे ठिपके राहिले तर ते खड्डेच, त्याला आर्मरर. कोकणात आणि मुंबईत तर एका पावसाळ्यात हे होतं, नगरकडे हवा कोरडी तरी बंद कपाटात चामड्यात व्हायचं ते होतंच. यापुढं कव्हर फक्त बाहेर नेताना. घरी कुलूपबंद पेटीत, तेलाचा हात फिरवलेल्या कापडात, सिलिका जेलची पुडी टाकून, आणि दर पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघायचं.

.३२चं अजून एक वैशिष्ट्य सांगून ठेवतो कारण लोक त्यालाही पुंगळी अडकली म्हणतात. या काडतुसाची बुडाची कड अंगापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद आहे. मॅगझीन भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेमागं गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचा राउंड पुढं सरकतच नाही. तो बिघाड मॅगझीन भरण्याचा. भरताना प्रत्येक वरचा राउंड खालच्याच्या थोडा पुढं राहील असा ठेवायचा, आणि भरून झाल्यावर मॅगझीनची पाठ तळहातावर हलकेच आपटायची नाही, त्यानं उलट कडा मागं सरकतात.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये असतो, .४५चं १९११ मॉडेलचं पिस्तूल आहे. सगळ्या पुंगळ्या झकास उडतात, फक्त शेवटची कधी स्लाइडवरच राहते कधी मॅगझीनवर पडते. — एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : ही तक्रार वाचून मला बरं वाटलं, कारण इतकी स्वच्छ खूण क्वचित मिळते. मॅगझीनमध्ये पुढचा राउंड असतो तोवर तो मागं येणाऱ्या पुंगळीला खालून आधार देतो, त्यामुळे नखीचा ताण कमी असला तरी भागून जातं. शेवटच्या वेळी खाली आधार नसतो आणि पुंगळी घसरते. म्हणजे तुमच्या एक्सट्रॅक्टरचा ताण उतरलाय.

१९११ ही मूळ जॉन ब्राउनिंगची रचना, तिच्यात एक्सट्रॅक्टरला वेगळी स्प्रिंग नाही, स्लाइडच्या आत बसणारी ती लांब पोलादी पट्टी स्वतःच स्प्रिंग आहे. स्लाइड उतरवा, नखीखाली एक डमी राउंड सरकवा आणि स्लाइड हळू हलवा, डमी धरून राहिला पाहिजे, जोरात झटकलं की पडला तर हरकत नाही. नुसत्या हलवण्यानं पडत असेल तर ताण द्यायला हवा, पट्टी काढून अगदी किंचित वाकवून बसवतात, पण किती किंचित ते हाताला माहीत असावं लागतं म्हणून गनस्मिथकडून करून घ्या. खात्री करायची तर रेंजवर मॅगझीनमधून एक राउंड चेंबरला घ्या, मॅगझीन काढून टाका आणि झाडा, पुंगळी मॅगझीनच्या भोकातून खाली पडली की समजा निदान बरोबर.

आणि एक विचारतो, तुम्ही कधी राउंड बोटांनी थेट चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडता का? या पिस्तुलात राउंड मॅगझीनमधून वर येताना त्याची कड नखीखाली खालून सरकते. थेट चेंबरमध्ये टाकलेल्या राउंडच्या कडेवरून नखीला उडी मारून जावं लागतं, आणि पट्टीचा ताण असाच जातो. तसं करत असाल तर आजपासून बंद, नाहीतर नवीन पट्टीचीही तीच गत होईल.

प्रश्न : सराव संपल्यावर .२२चा न झाडलेला राउंड काढायला स्लाइड ओढली तर रिकामी पुंगळी हातात आली आणि सगळीकडे पावडर सांडली. गोळी दिसली नाही. आता काय करू? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पिस्तूल वापरू नका, एकही राउंड भरू नका. गोळी नळीत आहे. तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुगेल किंवा फाटेल, आणि तुमचा हात, डोळा तिथंच असतो.

स्पोर्ट पिस्तुलांची चेंबर तंग असतात, राउंड पूर्ण बसला की गोळीचं टोक नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खोबणीत) रुततं. .२२ची गोळी पुंगळीत फार घट्ट नसते, म्हणून ओढताना पुंगळी येते आणि गोळी तिथंच राहते. कडं साचलेलं असेल तर अजूनच. मॅगझीन काढा, स्लाइड मागं लॉक करा, सांडलेली पावडर ब्रशनं झाडून काढा, विशेषतः चापाच्या यंत्रणेतली, ती तिथं राहिली तर पुढच्या वेळी चाप अर्ध्यावर अडकेल. नळीत मागून टॉर्च मारा, पुढून उजेड दिसत नसेल तर गोळी आहे हे नक्की. चेंबर रिकामं असल्यानं पुढून नळीला नेमका बसणारा पितळी रॉड घालून ती मागं ढकलता येते, शिसं मऊ असतं, पण हे पहिल्यांदा आर्मररच्या समोरच करा. अडकलेली रिकामी पुंगळीसुद्धा याच वाटेनं काढतात. चेंबरमध्ये जिवंत राउंड अडकलाय किंवा तसा नुसता संशय जरी असला तरी पुढून रॉड घालायचा नाही, ठोकायचं तर नाहीच, नळी टार्गेटकडे ठेवून रेंज ऑफिसरला बोलवायचं.

आणि पुढच्या सरावापासून चेंबरमध्ये राउंड उरेल असं भरूच नका, पाच मारायचे असतील तर मोजून पाचच भरा, संपवा, मग स्लाइड मागं लॉक करून टेबलावर ठेवा.